काळ्या धुराचं इंजिन

डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन देखणं दिसावं म्हणून कुणी घडवलेलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या ‘ॲल्को’ कंपनीनं हिशेब मांडला तो ओझ्याचा, चढाचा आणि रुळावर येणाऱ्या भाराचा. तरीही हे इंजिन बघत राहावंसं वाटतं, कारण त्याच्या पोटात जे चाललंय ते बाहेरून वाचता येतं.

इतिहास थोडक्यात असा. १९६२ मध्ये ही २६०० अश्वशक्तीची इंजिनं अमेरिकेतून आली. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं : क्रमांक १८२३३, नाव ‘कुंदन’. १९६९ मध्ये ॲल्कोनं गाशा गुंडाळला. वाराणसीत मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हीच इंजिनं बनत राहिली, दोन हजारांहून जास्त. नावातला ‘एम’ मिश्र कामाचा. आज एक्स्प्रेस, उद्या कोळसा. मला विचाराल तर एक्स्प्रेसपुढे ते नुसतं धावतं. त्याचा खरा कस लागतो मालगाडीला जुंपल्यावर.

अंगलट अगदी साधी. एक आखूड हूड, मग केबिन, मग लांबच लांब हूड. या लांब हूडमध्ये जनित्र, सोळा सिलिंडरांचं इंजिन आणि टोकाला रेडिएटरचा पंखा असे ओळीनं बसलेत. झाकणं उघडली की माणसाचा हात जिथे हवा तिथे पोचतो. दुरुस्ती करणाऱ्याचा एवढा विचार आणि चालवणाऱ्याचा इतका कमी! लांब हूड पुढे असलं की चालकाला कडेनं डोकावून रूळ बघावा लागे, आणि वळणावरचा सिग्नल पलीकडच्या खिडकीतून सहाय्यकानं ओरडून सांगायचा.

आता धूर. यार्डात उभं असताना इंजिन मिनिटाला सुमारे चारशे फेऱ्यांवर अडखळत, लंगडत धडधडतं. चालक थ्रॉटलचा नॉच, म्हणजे टप्पा, वाढवतो. सिलिंडरमध्ये तेल लगेच वाढतं. पण जास्तीची हवा पुरवणारा टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर, त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात तेल पुढे, हवा मागे. न जळलेला कार्बन काळ्याकुट्ट लोटासारखा आभाळात उसळतो. मग टर्बोची शीळ चढत जाते, धूर विरळ होतो, आणि तोवर कपलिंगांचा खणखणाट डब्यामागून डब्यात सरकत शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत पोचलेला असतो. गाडी हलली! जड वस्तू जागची हलवताना होणारी ओढाताण इतकी उघडपणे दाखवणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही. (या धुरावर लुब्ध होणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना तो रोज छातीत भरून घ्यावा लागला नाही, हेही खरं.)

१९९९ पासून डब्ल्यूडीजी-४ हे नवं मालवाहू इंजिन येऊ लागलं. ४००० अश्वशक्ती, एसी मोटारी, तेलाची बचत. पुढे गोव्याकडच्या कुळे–कॅसलरॉक घाटात, ३७ फुटांना एक फूट अशा चढावर, मालगाड्यांना मागून रेटा द्यायला हुबळीची हीच इंजिनं लागू लागली. यंत्र म्हणून ते सरस आहे, वाद नाही. पण त्याचा चेहरा मिटलेला वाटतो. कष्ट बाहेर दिसत नाहीत.

‘कुंदन’ आता दिल्लीला चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. गेलात तर वाफेच्या इंजिनांपाशीच वेळ संपवू नका. कुंदनशेजारी उकिडवे बसा आणि एका बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातल्या, तीन ॲक्सलांमधली अंतरं डोळ्यांनी मोजा. ती सारखी नाहीत. प्रत्येक ॲक्सलला स्वतंत्र मोटर आहे आणि त्या तिन्ही मोटारी एकाच बोगीत बसवायच्या होत्या, म्हणून.