प्रा. दामले गैरहजर

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लीला बेणारेची शोकांतिका, मध्यमवर्गीयांचा दांभिकपणा, चारचौघांत मिसळल्यावर साध्यासुध्या माणसांत जागे होणारे क्रौर्य, हे सारे समीक्षकांनी दाखवले आणि ते योग्यच आहे. पण बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवण्यात गेल्यामुळे असेल कदाचित, मला या नाटकात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे पात्र रंगमंचावर येतच नाही. ते म्हणजे प्राध्यापक दामले.

एक हौशी नाट्यसंस्था प्रयोगासाठी एका गावी जाते. वेळ घालवण्यासाठी लुटुपुटीचा खटला उभा राहतो. शाळेत शिकवणारी बेणारे आरोपी ठरते आणि आरोप बालहत्येचा. खेळ रंगत जातो आणि पाहता पाहता खरा होतो. तिच्या पोटात दामल्यांचे मूल आहे, हे उघड होते. दामले याच मंडळींपैकी. आरोपीची बाजू मांडणारा वकील व्हायचे ते, पण त्या दिवशी ते फिरकतच नाहीत.

आता हा खटला क्षणभर एक चौकशी म्हणून पाहा. न्यायाधीश झालेले काशीकर मध्येच आसन सोडून स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे फिर्यादीचेही वकील आणि आरोपीचेही. गावचा सामंत हाताशी असलेल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तोही पुरावा ठरतो. बाईचे वय किती, ती हसते कशी, कोणाशी बोलते, यांचीच छाननी होते. अखेर तिची नोकरी जाते. दामल्यांच्या नोकरीचे काय, असा प्रश्न मात्र कोणालाही पडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बेणारे आणि दामले यांचे नाते कायद्याच्या भाषेतला लैंगिक छळ नव्हे. त्यांच्या विद्वत्तेवर तिने मनापासून जीव टाकला होता. माझा मुद्दा नात्याचा नाही, चौकशीचा आहे. विद्यार्थिनीने प्राध्यापकाविरुद्ध तोंड उघडले की नेमके असलेच कोर्ट भरते. व्हरांड्यात भरते, स्टाफरूममध्ये भरते, आणि सांगायला वाईट वाटते, पण घरातही भरते. ‘तू एकटी त्यांच्या खोलीत गेलीसच कशाला?’ हा आईबापांचा पहिला प्रश्न काशीकरांच्या तोंडी सहज शोभला असता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली कायदा झाला. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. ही कोरडी कलमे मी नाटकाशेजारी ठेवून वाचली, तेव्हा ती काशीकरांच्या कोर्टाला दिलेल्या उत्तरासारखी वाटली. अंतर्गत समितीची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री असावी, निम्म्या सभासद तरी स्त्रिया असाव्यात, एक सभासद बाहेरच्या संस्थेचा असावा. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकाऱ्यांनी समितीवर बसू नये. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत असावेत. तक्रार तीन महिन्यांत करावी, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवावी आणि नावे गुप्त ठेवावीत. चौकशी चालू असताना संबंधित प्राध्यापकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. ‘खोटी तक्रार केली तर?’ ही शंका घरोघर निघते. द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहेच, पण केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे.

या साऱ्याचा गाभा एवढाच की दामल्यांना बोलवा. त्यांना त्यांची बाजू मांडू द्या, पण त्यांनाही प्रश्न विचारा.

तेंडुलकरांनी दामल्यांना पडद्याआड ठेवले, हे त्यांचे सामर्थ्यच मी मानतो. समाज अशा माणसाला कसा झाकतो, ते याहून नेमके दाखवता आले नसते. माझी तक्रार आहे ती आम्हा प्रेक्षकांविषयी. बेणारेसाठी आम्ही हळहळतो, डोळे पुसतो आणि दामल्यांवर रागवायचे विसरूनच घरी जातो. दयेला काही खर्च येत नाही. खर्च येतो तो नावाजलेल्या सहकाऱ्याला समितीपुढे बसवण्याला, आणि तिथे कायदा असूनही पुष्कळांचे पाय अडखळतात. समिती फलकावर असते, पण अध्यक्षबाईंच्या बढतीचा कागद ज्यांच्या टेबलावर असतो, त्यांच्याच मित्राची चौकशी त्यांना करायची असते. बाहेरचा सभासद हवा, हा आग्रह यासाठीच.

दिवाळीच्या सुटीत वसतिगृहांतली मुले-मुली घरी आलेली असतात. फराळाला बसल्यावर त्यांना सहज विचारावे, तुमच्या महाविद्यालयात या समितीवर कोण कोण आहे? समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावायचा, असा नियम आहे. त्यांना ठाऊक नसेल, तर सुटी संपल्यावर पाहून कळवायला सांगावे. आणि मुलगी काही सांगू लागली, तर तिचे बोलणे पुरते होईपर्यंत आपण एकही प्रश्न विचारू नये. बेणारेला तिच्या कोर्टाने तेवढा वेळ दिला नव्हता.