उद्या ये, चेटकिणी

मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार हा राहुकाळ. मराठी घरात या वेळेत कोणी शुभकार्याला हात घालत नाही. बंगळूरच्या बनशंकरीत मात्र याच दीड तासात देवीच्या दाराशी बायकांची गर्दी होते. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, तिच्यात तूप-वात घालून दिवा लावायचा. कनकपुरा रस्त्यावरचं हे देऊळ विसाव्या शतकातलं. देवी मूळची बदामीची. आपल्याकडची कितीतरी घराणी तिला शाकंभरी म्हणून कुलदेवता मानतात आणि पौषात तिचं नवरात्र बसवतात. वाईट वेळ टाळण्यापेक्षा तिच्यातच दिवा लावून ठेवावा, हा इथला रिवाज मला नेहमीच मजेशीर वाटत आला आहे. अशाच एका मंगळवारी गर्दी ओसरायची वाट पाहत मी जी इंग्रजी कादंबरी वाचत होते, तिचा स्वभावही याच जातीचा होता.

नॅन्सी वॉरन यांची ‘द व्हॅम्पायर निटिंग क्लब’ ही ती कादंबरी. ऑक्सफर्डमधलं आजीचं लोकरीचं दुकान ल्यूसी नावाच्या नातीकडे येतं. आजी वारलेली आहे, पण पुरती नाही. ती रक्तपिपासू झालेली आहे. रात्री झोप न येणारे तिचे सोबती दुकानात जमून विणकाम करतात. ल्यूसीला स्वतःला धड टाकेही घालता येत नाहीत. तशात तिला कळतं, की आपण चेटकीण आहोत आणि त्यातही शिकाऊ. आजीला कोणी मारलं, हे आता तिने शोधायचं आहे. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. आपण उबदार रहस्यकथा म्हणू. खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. गल्ली लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. शोध घेणारी बाई हौशी, तिचं एखादं दुकान, पायाशी मांजर. हे कूळ अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपर्यंत जातं. त्या विणकाम करणाऱ्या म्हातारीची पहिली कादंबरी 1930 सालची. चेटूक हा त्यावर अलीकडे चढलेला साज.

हा साज चढवणं सोपं नाही. 1929 साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यात दैवी किंवा अमानवी शक्तींना सरळ बंदी होती. कारण उघड आहे. शोध घेणारीला मंत्र येत असेल, तर खुनी पहिल्याच पानावर सापडायला हवा. नायिका ‘शिकाऊ’ असण्याचं मर्म इथे आहे. तिचे मंत्र फसतात, अर्धवट लागतात, भलत्यावरच चालतात. म्हणून शेवटी तिला शेजाऱ्यांशी गप्पा मारून, कोण कधी कुठे होतं याचा हिशोब लावूनच खुनी गाठावा लागतो. जादूने रहस्य सुटत नाही, उलट त्याचा गुंता वाढतो. चांगल्या लेखकाच्या हाती हे अर्धकच्चं ज्ञान विनोदाचंही साधन होतं आणि वाढत्या वयाचंही. एइको कादोनो यांच्या 1985 सालच्या जपानी ‘किकी’मध्ये खून नाही, रहस्यही नाही; पण तेरा वर्षांची शिकाऊ चेटकीण परक्या गावी झाडूवरून सामान पोहोचवत पोट भरते, आणि नवशिकेपणाचा एकटेपणा तिथे जितका खरा उतरला आहे, तितका उबदार चेटूककथांच्या मालिकांत क्वचितच उतरतो.

मालिकांचा रोग तोच आहे. चौथ्या-पाचव्या भागातही नायिका शिकाऊच राहते, कारण ती शिकली तर दुकान बंद. मेलेला माणूस बहुधा नावडता असतो, म्हणजे कोणी रडायला नको. गल्लीत वर्षाला तीन-तीन मुडदे पडतात, तरी चहाची गिऱ्हाइकं कमी होत नाहीत. मरणापेक्षा केक जड भरला, की ऊब कोमट होते.

आता आपल्याकडे पाहू. मराठी कादंबरीचा पायाच अद्भुतावर उभा आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868ची. पुढे गो. ना. दातारांनी रहस्याची गोडी लावली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहून झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोहोचवले. नारायण धारपांनी समर्थ उभा केला, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणून बसवलं. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांचे दिवाळी अंक तर याच चवीवर पोसले गेले. भय, गूढ, तपास, सगळी सामग्री हाताशी होती. तरी उबदार चेटूककथा मराठीत रुजली नाही.

याचं एक कारण रचनेत आहे. आपल्याकडे जाणकार हा बहुतेक पुरुष, आणि तोही पूर्ण सिद्ध. समर्थ संकटाच्या जागी पोहोचला, की वाचकाला हायसं वाटतं. समर्थ मंत्र विसरेल, अशी शंकाही मनात येत नाही. बाईच्या वाट्याला दोनच जागा येतात: ती झपाटलेली, नाहीतर झपाटणारी. हडळ, जखीण, लावसट, पाण्यातल्या आसरा. आपल्या भुतावळीत बायकांना तोटा नाही, पण त्यातली एकही काही शिकताना दिसत नाही. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातल्या चिंची चेटकिणीने मुलांना खदखदून हसवलं खरं. तिला आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018च्या नव्या अवतारात वैभव मांगले यांनी अजरामर केलं. म्हणजे आपली सर्वांत लाडकी चेटकीणही लुगडं नेसलेला पुरुषच.

2018 हे साल या दृष्टीने मोठं बोलकं आहे. त्या वर्षी ‘अलबत्या गलबत्या’ परत आलं, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला, ‘स्त्री’ही आला. ‘तुंबाड’मागे धारपांच्या कथेची सावली होती, पण पडद्यावर वाडा, पाऊस आणि हाव, ऊब औषधालाही नाही. आपली वाट भीतीकडून सरळ आणखी मोठ्या भीतीकडे जाते. तिला स्वयंपाकघराकडे वळण नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, आणि ते पुस्तकाबाहेरचं आहे. इंग्रज वाचकासाठी ‘विच’ हा शब्द आज निरुपद्रवी झाला. टोपी घालून तो मुलांच्या सणातही मिरवतो. आपल्याकडे ‘डाकीण’ हा शब्द सातपुड्यात अजून जिवावर उठतो. एखाद्या एकट्या बाईची जमीन हवी असते, गावात ताप आलेला असतो आणि बोट तिच्याकडे जातं. अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. 2017 साली कर्नाटकानेही तसाच कायदा केला. भानामतीच्या नावाने माणसं छळण्याची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीची आहे. अशा प्रदेशात चेटकिणीची गंमत करताना लेखकाचा हात अडखळला, तर तो त्याचा भित्रेपणा मानू नये. मात्र अडखळणं आणि थांबणं यांत फरक आहे. आळ आलेली बाईच शोध घेणारी झाली तर? गावाने जिला चेटकीण ठरवलं, तिनेच खरा खुनी दाखवून दिला, तर तीच कथा करमणूकही करील आणि दाभोलकरांच्या बाजूनेही उभी राहील.

या बाबतीत बंगळूरकडून शिकण्यासारखं आहे. हरिणी नागेंद्र यांची ‘द बॅंगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब’ 2022ला आली. 1921चं बंगळूर, साडी नेसून गणितं सोडवणारी कावेरी, डॉक्टर नवरा, शेजारची मंडळी. अस्सल उबदार कथा, पण इंग्रजीत. तिच्याही आधी शहराने स्वतःच एक गोष्ट रचली होती. नव्वदच्या दशकात इथे अफवा उठली, की रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारत दार ठोठावते. उघडलं की संपलं. लोकांनी मांत्रिक बोलावण्याऐवजी दारावर लिहिलं, ‘नाळे बा’: उद्या ये. ती बिचारी वाचायची आणि परत जायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्यांनी किराणा दुकानात पाहिली आहे, त्यांना या तोडग्याचा बाप कोण हे सांगायला नको. ‘स्त्री’ने हीच पाटी उचलली. मला या कथेत सर्वांत आवडते ती चेटकीण: साक्षर, शब्दाला जागणारी आणि रोज नव्याने फसणारी. एवढा शिकाऊ स्वभाव ऑक्सफर्डमध्येही सापडायचा नाही.

मराठीत हवं ते सगळं आहे. आजीबाईचा बटवा आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवावर टाकल्यावर त्या तडतडल्या की ‘केवढी दृष्ट लागली होती’ म्हणणारी आत्या आहे, लिंबाच्या सालीत दिवा लावणारी सून आहे. श्रद्धा आहे की नाही, हे त्यांना विचारलं तर त्या हसतील. हातांना मात्र सगळं पाठ असतं. ही विद्या कोणी तरी कोणाला तरी शिकवते, शिकताना चुका होतात, आणि शेजारच्या घरात काय चाललंय हे या बायकांना पोलिसांच्या आधी कळतं. उबदार रहस्यकथेला याहून जास्त काय लागतं?

दर मंगळवारी साडेचार वाजले की देवळातली गर्दी पांगते. विझलेल्या सालींचा ढीग उरतो, करपलेल्या लिंबाचा वास रेंगाळतो. त्या घोळक्यातून एखादी शिकाऊ चेटकीण मराठी कादंबरीच्या दाराशी कितीदा तरी येऊन गेली असेल. ‘मुक्तामाला’पासून दीडशेहून जास्त वर्षं झाली, दारावरची पाटी तीच आहे. आणि ती वाचून परत जाणारीही तीच.