'स्वामी' : वाड्यातले युद्ध आणि पलीकडचे घर

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली. तिच्यावर गजानन जागीरदार यांनी केलेली मालिका दूरदर्शनने १९८७ मध्ये दाखवली. रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव रमाबाई. ऐतिहासिक मालिका म्हटली की मुस्लिम घरात आधी एक शंका येते : यात आपल्या नावाचा माणूस आला, तर तो कशासाठी येणार? 'स्वामी' पाहताना आमची ही शंका बरीचशी मिटते.

कारण यातले खरे युद्ध शनिवारवाड्यातच आहे. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळा वर्षांचा मुलगा पेशवा होतो. १७६२ मध्ये काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन पुतण्यावरच उठतात. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला काका-पुतणे एक होऊन निजामाला हरवतात. बाजू बदलते ती सत्तेसाठी, धर्मासाठी नव्हे. इतिहास शिकवताना आम्हाला हे सांगावेच लागते. इथे ते कथेतूनच उमगते.

उणीव दुसरीकडे आहे. निजाम आणि हैदरअली मोहिमांच्या निमित्ताने येतात. त्यांच्या घरात कथा शिरत नाही. आयर्लंडच्या दूरदर्शनने १९८० मध्ये जेम्स प्लंकेट यांच्या 'स्ट्रम्पेट सिटी' या कादंबरीवर मालिका केली. विषय १९१३ च्या डब्लिनमधील कामगारांची टाळेबंदी. ती कामगाराच्या खोलीत जाते, तशीच पाद्र्याच्या आणि श्रीमंताच्या घरातही जाते.

आम्हा मुरुडकरांना हे विशेष जाणवते. समोर जंजिरा उभा आहे. मराठी कादंबरीत आणि पडद्यावर तो बहुधा बाहेरूनच दिसतो : न जिंकलेला किल्ला म्हणून. पण आत माणसे होती, घराणे होते, भाऊबंदकीही होती. १७३३ मध्ये सिद्दी रसूल याकूतखान वारले आणि वारसाचा तंटा पेटला. त्याच घरातला अब्दुल रहमान माधवरावांचे आजोबा बाजीराव यांच्या आश्रयाने पुढे आला. राघोबादादा निजामाकडे गेले, अब्दुल रहमान पेशव्याकडे. गोष्ट एकच, एकीची कादंबरी झाली, मालिका झाली. दुसरी अजून बखरींत आणि गॅझेटियरात पडून आहे.

याबद्दल देसाईंना दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांना जे घर ठाऊक होते, ते त्यांनी मनापासून लिहिले. जंजिऱ्याचे घर ज्यांना जवळचे आहे, मराठी ज्यांची बोली आहे, त्या आपल्या लेखकांनी आता लेखणी उचलावी. आमची उर्दू शाळेतली मुले ती कादंबरी मराठीतून वाचतील.