नकाशातला डोंगर आणि नकाशाबाहेरचा माणूस

जुने इंग्रजी नकाशे आज चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगले जातात. त्यांतल्या चुका पाहुण्यांना कौतुकाने दाखविल्या जातात. हे कौतुक अभिजनांना परवडते. ज्यांच्या जमिनीवरून त्या रेषा ओढल्या गेल्या, त्यांनी मात्र हे नकाशे ग्रंथासारखे तपासून वाचले पाहिजेत.

जेम्स रेनेल हा कंपनी सरकारचा बंगालमधला सर्व्हेअर जनरल. 1782 साली त्याने हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. याच रेनेलने 1798 च्या नकाशात पश्चिम आफ्रिकेवर ‘काँग’ नावाची पर्वतरांग आडवी घातली. अशी रांग तिथे नव्हतीच. तरी एकाचे पाहून दुसरा ती उतरवीत राहिला. बिंगर हा फ्रेंच अधिकारी त्या मुलखातून प्रत्यक्ष फिरला, तेव्हा 1889 साली हा पर्वत कोसळला. नव्वद वर्षे तो कागदावर उभा होता. तिथे राहणाऱ्यांचा शब्द कोणी प्रमाण मानला नाही. पोथीत आहे म्हणून खरे, हा न्याय आपल्याला नवा आहे काय?

आपल्या दाराशीच पाहा. घाट म्हणजे डोंगर चढून येण्याची वाट. बोरघाट, नाणेघाट या वाटाच. साहेबाने वाटेचे नाव डोंगराला दिले आणि सह्याद्रीचे ‘वेस्टर्न घाट्स’ झाले. बोरघाटातून रेल्वे नेताना हजारो मजूर मेले. तो मार्ग 1863 साली खुला झाला. नकाशावर त्याची एक काळी रेघ उमटली. त्या वाटेने पोटासाठी मुंबईत उतरलेल्या कष्टकऱ्याला मात्र ‘घाटी’ ही शिवी मिळाली.

खोटा डोंगर निदान पुसता येतो. वगळलेला माणूस कसा दाखवायचा? 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची महसुली मोजणी सुरू झाली. पुढे ती पद्धत इलाखाभर गेली. शेताला नंबर मिळाला, आकार बसला, हद्दीचे दगड रोवले गेले. पण शिवेचे भांडण लागले की साक्ष कोणाची? गावच्या महाराची. अख्ख्या गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. कागदावर शीव राहिली, शीव राखणारा राहिला नाही. त्याच्या वाट्याला हाडकी-हाडोळा आणि रात्रंदिवसाची वेठ आली. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडले.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि कारखाने भोसरीवरून चाकणपर्यंत पोहोचले. सर्व्हे नंबरांचे गट झाले, गटांचे प्लॉट झाले. ‘मोकळी जमीन’ ही या पट्ट्याची नवी भूगोलकथा आहे. ज्या जमिनीवर कोणी राबत होते, गुरे चारीत होते, ती मोकळी कशी?

म्हणून नकाशे जाळा, असे आम्ही म्हणत नाही. उलट टिपण, फाळणी, जुने उतारे बाहेर काढा. 1958 च्या कायद्याने वतनी जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदाराला परत मिळण्याची तरतूद केली, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय तिची विक्री रोखली. आज तिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे. अशा वेळी आजोबांची हाडोळा कोणत्या नंबरात होती, हे पोराला वाचता आले पाहिजे. ज्याच्या आजाने शीव दाखविली, त्याने आता नकाशा वाचावा. आणि त्यात कोण नाही, हेही वाचावे.