‘कागद दौलताबादी’ या शेऱ्याचें परीक्षण

हस्तलिखितांच्या याद्या चाळीत असतां ‘कागद दौलताबादी’ हा शेरा वारंवार दृष्टीस पडतो. पान जाडसर व गुळगुळीत दिसलें, रंग मधासारखा पिवळसर असला आणि बोटानें उडवितांच तें खणखणलें, कीं यादीकार हा शेरा लिहून मोकळा होतो. पुढें दुसरा अभ्यासक त्या शेऱ्यावरून पोथीचा काळ अनुमानितो आणि तिसरा त्या काळावरून ग्रंथकर्त्याचा. अशा रीतीनें एका विशेषणावर तीन मजले चढतात. त्यांचा पाया कितपत भक्कम आहे, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेहून, वेरूळकडे जातांना दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हें गांव लागतें. गांवाचें नांवच गांवाचा धंदा सांगतें. महंमद तुघलकानें इ. स. १३२७ मध्यें राजधानी देवगिरीस आणिली, तेव्हां त्याच्या परिवाराबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी तेथील परंपरा आहे. परंपरेस परंपराच म्हणावें. तिला दस्तऐवजाचा मान देऊं नये. परंतु हा धंदा तेथें कां टिकला याचें उत्तर परंपरेवांचूनहि मिळतें. कागदाचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे दफ्तर. बहामनी राज्याची स्थापना १३४७ मध्यें दौलताबादेसच झाली. मलिक अंबरानें १६१० मध्यें जवळच खडकी वसविली. किल्ला १६३३ मध्यें मोगलांकडे गेला. आणि १६५३ मध्यें औरंगजेब दख्खनचा सुभेदार असतां खडकीचें औरंगाबाद झालें. राज्यें बदललीं, तरी दफ्तर त्या परिसरांतून फारसें हललें नाहीं.

या कागदाची कृति थोडक्यांत अशी. तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट व चिंध्या भिजवून त्यांस चुना देत. मग त्या कुटून व धुऊन त्यांचा लगदा करीत. हौदाच्या पाण्यांत लगदा कालवून गवताच्या काड्यांची चटई लांकडी चौकटीवर ठेवून ती आंत बुडवीत व सपाट उचलीत. पाणी निथळून जो थर राही तोच ताव. ताव दाबून, गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत, त्यास खळ देत आणि शेवटीं दगडानें घोटीत. म्हणून हा कागद उजेडासमोर धरिला असतां काड्यांच्या बारीक रेषा दिसतात, आणि त्या काड्या ज्या दोऱ्यानें अथवा केसानें बांधलेल्या असत त्याच्या विरळ आडव्या रेषाहि दिसतात.

आतां मुख्य आक्षेप. वर सांगितलेली कृति एकट्या कागजीपुऱ्याची नव्हे. जुन्नरास, अहमदाबादेस व इतर ठिकाणींहि थोड्याफार फरकानें असाच कागद होत असे. तेव्हां जाडी, घोट व रंग यांवरून ‘देशी हातकागद’ एवढेंच सिद्ध होतें. ‘दौलताबादी’ हें सिद्ध होत नाहीं. शब्दशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें, तर हा शब्द आरंभीं यौगिक होता. दौलताबादेस झालेला तो दौलताबादी. पुढें तो रूढ झाला, आणि उत्तम घोटीव कागद कोठलाहि असो, त्यास तें नांव मिळूं लागलें. ‘कुशल’ म्हटल्यावर दर्भ तोडणारा मनुष्य आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें येत नाहीं. फार लांब कशाला, येवल्याच्या मागावर विणलेल्या लुगड्यासहि आपण पैठणीच म्हणतों. तें नांव घेऊन कोणी लुगड्याचें गांव ठरवील काय? मग पोथीच्या बाबतींत तसें कां करावें?

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, जुन्या यादीकारांनीं हजारों पोथ्या हाताळल्या. त्यांच्या बोटांस जें कळत होतें तें आम्हांस रेषा मोजून कळणार नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. अनुभवी हाताचा कौल आम्हीं हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु त्या हातानें आपलें कारण लिहून ठेविलें नाहीं. कारणावांचूनचा निर्णय तपासतां येत नाहीं, आणि जो तपासतां येत नाहीं तो प्रमाण म्हणून पुढें चालवितां येत नाहीं.

या आळसाची किंमत काय पडते, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. पोथीच्या शेवटीं शके १६५० (इ. स. १७२८) लिहिलें आहे आणि यादींत ‘कागद दौलताबादी’ असा शेरा आहे, म्हणून पोथी त्याच वर्षाची मानिली. पुढें कोणीं पान उजेडासमोर धरिलें आणि त्यांत १८०५ हें वर्ष पाणछाप्यांत दिसलें. आमच्या गवती चटईंत पाणछापा नसे. तो युरोपीय तारेच्या साच्याचा. इंग्लंडांतून निर्यात होणाऱ्या कागदावरील जकातीची सूट मिळण्यास पाणछाप्यांत वर्ष असावें, असा तेथें १७९४ मध्यें कायदा झाला. म्हणून तशीं वर्षें आमच्याकडे आलेल्या कागदांत सांपडतात. तेव्हां ही प्रत १८०५ च्या पूर्वींची असणें शक्य नाहीं. पण ती बनावटहि ठरत नाहीं. लेखकानें मूळ पोथीबरोबर तिचा समाप्तिलेखहि उतरून घेतला, एवढाच बहुधा अर्थ. एका दृष्टिक्षेपानें पोथीचें वय सत्याहत्तर वर्षांनीं घटलें. मात्र शके १६५० च्या एका हरवलेल्या मातृकेचा पत्ताहि लागला. शेऱ्यावर विसंबून राहिलेल्यास दोन्ही कळलें नसतें. उलट बाजूहि ध्यानांत असावी. जुन्या दफ्तरांतील कोरे बंद वापरून नवा मजकूर लिहितां येतो. कागद फक्त ‘याच्या आधीं नव्हे’ एवढीच साक्ष देतो. ‘याच्या नंतर नव्हे’ अशी साक्ष तो कधींच देत नाहीं.

ज्यांचा इतिहास लिहिणें सोपें, अशाहि कागदाच्या पेढ्या आहेत. चांदा जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपूर येथील गिरणीची कंपनी १९४५ मध्यें नोंदली गेली व १९७५ मध्यें तिचें नांव बदललें. तिनें परिसरांतील बांबूच्या रानांवर मोठा धंदा उभारिला. अशा कंपनीस भागधारक असतात, ताळेबंद असतात, कज्जे असतात. इतिहासकारास कागदांचा तोटा नसतो. कागजीपुऱ्याची अशी नोंदणी कोणीं केली? त्या कारागिरांच्या कामाची खरी वही आमच्या रुमालांतच बांधलेली आहे. ती न वाचतां कोणत्याहि चांगल्या कागदास त्यांचें नांव देणें, हा त्यांचा गौरव नसून त्यांच्या इतिहासाचा गोंधळ आहे.

आणखी एक गोष्ट संग्राहकांच्या हिताची म्हणून सांगतों. गेल्या शतकाच्या आरंभींचे छापील साधनग्रंथ उघडतांना पानांचे तुकडे हातांत येतात. त्यांहून दीडशें वर्षें जुना बंद मात्र बहुधा निर्धास्तपणें उलगडतो. याचें कारण कृतींत आहे. तुरटी व राळ यांची खळ १८०७ पासून आणि लांकूड दळून केलेला लगदा १८४४ पासून युरोपांत प्रचारांत येऊं लागला; त्या कागदांत आम्लता वाढून तो आपणच आपल्यास खातो. आमच्या कागदांत चुन्याचा अंश राहत असे, तो त्यास तारतो. म्हणून जुनी पोथी वर्तमानपत्रांत गुंडाळूं नये. पूर्वींप्रमाणें स्वच्छ सुती कापडांत बांधावी.

आमची सूचना एवढीच. यापुढें यादींत ‘दौलताबादी’ हा शब्द लेखांतच तसा उल्लेख असेल, किंवा खरेदीच्या जमाखर्चांत दस्त्यांच्या हिशेबासह तें नांव असेल, तरच लिहावा. एरव्हीं जें दिसतें तें लिहावें : तावाची लांबी-रुंदी, एका इंचांतील काड्यांच्या रेषा, दोऱ्यांच्या रेषांतील अंतर, घोट एका बाजूस कीं दोन्ही, पाणछापा आहे कीं नाहीं. औरंगाबाद किंवा दौलताबाद येथून निघालेला मितीवार दस्तऐवज ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याचीं मापें आधीं घ्यावीं. अशीं शेंदोनशें मापें एकत्र झालीं, म्हणजे खऱ्या दौलताबादी कागदाची ओळख पटविण्याचें साधन हातीं येण्याचा संभव आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनीं हिंदुस्थानांतील कागदाच्या इतिहासाचे ग्रंथस्थ उल्लेख मोठ्या चिकाटीनें गोळा केले. पानांत दडलेला पुरावा गोळा करणें हें काम आपलें आहे. तें होईपर्यंत आमच्या याद्यांतील निराधार ‘दौलताबादी’वर, जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर फाशीत तसा, हरताळ फासावा हें बरें.