शंभरपट, पण कशाच्या?

प्लास्टिकच्या सौरघटांवरील लेखांचा एक साचा आम्हांला वारंवार भेटतो. आरंभी सिलिकॉन कसे महाग, जड आणि ठिसूळ आहे ते सांगितलेले असते. मग वीज वाहणारे प्लास्टिक येते, त्यामागोमाग कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका येतात आणि शेवटी भिंतीला रंग द्यावा तसे सौरघट घरोघर लावता येतील, असे आश्वासन येते. नलिकांचे गुण उत्तम, म्हणून नलिका घातलेला घटही उत्तम, असा हा तर्क असतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. (सिलिकॉन महाग हे विधान १९९० च्या दशकात शोभले असते. २०१० ते २०२० या दशकात सिलिकॉन पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या, तरी लेखांतले ते वाक्य काही उतरलेले नाही.)

मुळापासून पाहू. ज्या बहुवारिकांच्या साखळीत कार्बन अणूंमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असतात, त्यांतील काही इलेक्ट्रॉन एका बंधाला जखडलेले नसतात. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी अशा पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची जोड देऊन त्यातून वीज वाहवली. त्याबद्दल त्यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण वीज वाहणे वेगळे आणि प्रकाशापासून वीज मिळवणे वेगळे. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जवळजवळ लगेच मोकळा होतो. बहुवारिकात तसे होत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा एकमेकांना धरूनच राहतात. ही जोडी सुमारे १० नॅनोमीटर सरकते आणि संपते. तेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉन ओढून घेणारे कोणी भेटले तरच वीज मिळणार. पंचाईत अशी, की पुरेसा प्रकाश शोषायचा तर थर १०० नॅनोमीटरच्या आसपास तरी जाड हवा.

यावर निघालेला तोडगा आम्हांला या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेला असतो. १९९५ मध्ये हीगर यांच्या गटाने बहुवारिक आणि फुलरिनचे एक रूप एकत्र मिसळून त्याचाच थर दिला. दोन रंगांच्या लोकरीचा गुंता डोळ्यांपुढे आणावा. एका रंगाच्या कोणत्याही धाग्यापासून दुसरा रंग हाकेच्या अंतरावर असतो, आणि दोन्ही रंगांचे धागे गुंत्याच्या कडेपर्यंत पोहोचलेले असतात. इलेक्ट्रॉन एका रंगाने जातो, रिकामी जागा दुसऱ्या रंगाने. या घटाची कार्यक्षमता २.९ टक्के सांगितली जाते. पण ती एकाच रंगाच्या, निळसर आणि मंद प्रकाशात मोजलेली होती. पूर्ण सूर्यप्रकाशात तांबडा आणि अवरक्त भाग मोठा असतो. त्याचा उपयोग या बहुवारिकाला होत नव्हता. मूळ निबंधात हे सारे नोंदलेले आहे. पुढच्या लेखांत आकडा राहिला आणि प्रकाश गळून पडला.

आता नलिकांकडे वळू. इजिमा यांनी १९९१ मध्ये कार्बनच्या या नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. लांब, बारीक आणि उत्तम वाहक असल्याने फुलरिनऐवजी त्या घालाव्यात, हे सुचणे साहजिक होते. २००२ मध्ये केंब्रिजच्या किमाकिस आणि अमरतुंग यांनी बहुवारिकात एक टक्क्याहूनही कमी नलिका मिसळल्या, तेव्हा घटाचा प्रवाह सुमारे शंभरपट वाढला. शंभरपट हा शब्द डोळे दिपवणारा आहे. पण ही तुलना नुसत्या बहुवारिकाच्या घटाशी होती, आणि त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह मिळत नाही. खरा प्रतिस्पर्धी फुलरिनचा घट. त्याने आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, ऑस्ट्रियातील लिंझ येथे २.५ टक्के गाठले होते. नलिकांचा घट एका टक्क्यापर्यंतही पोहोचला नव्हता.

असे का व्हावे? ग्राफाइटचा एक पापुद्रा कोणत्या कोनात गुंडाळला, त्यावर नलिका अर्धवाहक होणार की धातूसारखी, हे ठरते. सरमिसळ नलिकांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या असतात. अशा नलिकेवर इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा दोघेही येतात, पुन्हा एक होतात आणि मिळवलेली ऊर्जा उष्णतेत जाते. शिवाय नलिकेची लांबी थराच्या जाडीच्या दहापट असू शकते. ती आरपार गेली तर घट आतूनच शॉर्ट होतो. म्हणजे ज्या लांबीचे आणि वाहकतेचे कौतुक चालले होते, तेच गुण येथे नडले.

पुढे अर्धवाहक नलिका निवडून वेगळ्या काढता आल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांच्यापासून ३ टक्क्यांच्या आसपासचा घट झाला. गंमत अशी, की त्यात नलिकेने प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन दिला आणि तो घेणारे होते फुलरिनच. फुलरिनची जागा अखेर घेतली ती वेगळ्याच, चपट्या सेंद्रिय रेणूंनी. चीनमधील २०१९ च्या वाय-६ या रेणूने १५.७ टक्के दिले. आज प्रयोगशाळेतील छोटे घट २० टक्क्यांपलीकडे गेले आहेत. नलिकांना काम मिळाले ते मिश्रणाबाहेर: ठिसूळ इंडियम टिन ऑक्साइडऐवजी वाकणारे, पारदर्शक विद्युत-अग्र म्हणून.

‘छोटे’ हा शब्दही सहसा गाळला जातो. वर्गात हे गणित घालावे. घट ५ चौरस मिलिमीटरचा, ऊन दर चौरस मीटरला १००० वॅट, कार्यक्षमता १० टक्के. उत्तर येते अर्धा मिलिवॅट. एका वॅटसाठी असे २००० घट लागतील. मोठा थर देताना तो सगळीकडे सारखा येत नाही, आणि ऑक्सिजन, ओलावा व अतिनील किरण त्याला पोखरतात. सिलिकॉनच्या पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. हीगर ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, ती अमेरिकेतील कोनार्का २००१ मध्ये नेमके हेच प्लास्टिकचे घट विकण्यासाठी निघाली. २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.