कडी लावलेला राणीछाप

समोर एक राणीछाप रुपया आहे. अक्राणीच्या डोंगरातल्या एका हारातून सुटून तो नंदुरबारला मोडीत आला आणि भट्टीत जायच्या आधी हाती लागला. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेला डाख देऊन बसवलेली चांदीची छोटी कडी आहे. कडी धरूनही वजन तोळ्याला जरा कमीच भरतं. लिलावाच्या यादीत हे नाणं आलंच, तर एका ओळीत त्याची बोळवण होईल: व्हिक्टोरिया, एक रुपया, १८६२, कडी जोडलेला. बोलीही चांदीच्या भावापलीकडे फारशी जाणार नाही. मला मात्र हा रुपया सावकाश वाचायचा आहे. त्यासाठी आधी लिलावातल्या जाणकारांची नजर उसनी घेतो, कारण नाण्याकडे बारकाईनं बघायला त्यांनीच शिकवलं आहे.

मुंबईत तोडीवाला, अहमदाबादेत क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूत मरुधर आर्ट्स. अशा लिलावांत बोली सुरू व्हायच्या आधी लॉट बघायला ठेवलेले असतात, आणि खरा संग्राहक तिथेच ओळखू येतो. तो नाणं कडेनं धरतो, पृष्ठभागाला बोट लागू देत नाही. दिव्याखाली हळूहळू कलतं करतो. टाकसाळीतून निघाल्यावर ज्याला हात लागलेला नाही अशा नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. धातू साच्याखाली दाबला जाताना बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, त्यांची ही चमक. कुणी चिंच लावून किंवा पावडरनं घासून नाणं लख्ख केलं की त्या रेषा जातात. नाणं चकाकतं, पण उजेड फिरत नाही. जाणकार ते नाणं मुकाट्यानं खाली ठेवतो.

या पारखीला आकडे मिळाले अमेरिकेत. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या अमेरिकी सेंटवरच्या पुस्तकात १ ते ७० अशी श्रेणी मांडली. त्यांच्या मनात किमतीचं गणित होतं: ७० श्रेणीच्या नाण्याला १ श्रेणीच्या नाण्याच्या सत्तरपट मोल. ते गणित बाजारानं कधीच मोडीत काढलं, आकडे मात्र टिकले. पुढे १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था आल्या. त्या नाणं तपासतात, श्रेणी देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. आपल्याकडचे संग्राहकही त्या डबीला स्लॅबच म्हणतात. ६० पासून पुढची नाणी चलनात न झिजलेली. ६३ आणि ६५ मधला फरक साध्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण वरच्या श्रेणीची नाणी जगात किती नोंदली गेली आहेत हे संग्राहकाला ठाऊक असतं. ती मोजकीच असतील तर दोघंजण हट्टाला पेटतात आणि ‘तीन वार’ होईपर्यंत किंमत कुठल्या कुठे जाते. २०१३ साली १७९४ चा एक अमेरिकी डॉलर एक कोटी डॉलरच्या वर गेला. त्याची श्रेणी ६६ होती.

या आकड्यांना कुणी नाकं मुरडली तर मला पटत नाही. साच्यातून सुटताना नाणं जसं होतं, त्यातलं आज किती उरलं आहे, हा प्रश्न श्रेणी विचारते आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे शोधते. राणीच्या गालावरचा उठाव शाबूत आहे का, केसांची वळणं सुटी दिसतात का, मण्यांची कड चहूबाजूंनी पूर्ण आहे का. कवितेचा शब्दन् शब्द तपासणाऱ्या वाचकाइतकीच ही निष्ठा आहे.

आता त्याच नजरेनं आपला रुपया बघू. दर्शनी बाजूला डावीकडे तोंड केलेली, मुकुट घातलेली तरुण राणी, अंगात नक्षीदार वस्त्र, दोन्ही बाजूंना इंग्रजीत तिचं नाव आणि ‘क्वीन’. म्हणजे नाणं १८७७ च्या आधीचं, त्या सालापासून तिथे ‘एम्प्रेस’ आलं. मागे फुलापानांच्या महिरपीत ‘वन रुपी’, ‘इंडिया’ आणि १८६२. हे साल जपून वाचायचं असतं. १८६२ लिहिलेले रुपये त्यानंतरही दहाबारा वर्षं पडतच राहिले, साल तेवढं बदललं नाही. मुंबईच्या टाकसाळीनं मग आपल्यापुरती एक खूण काढली: सालाच्या खाली किंवा ‘वन’च्या वर बारीक ठिपके. ठिपके मोजून नाणं खरोखर कोणत्या वर्षी पाडलं ते सांगता येतं. महिरपीतल्या वरच्या फुलाच्या पाकळ्यांचेही दोन प्रकार आहेत, एकात त्या लांब आणि खाली झुकलेल्या, दुसऱ्यात आखूड आणि आडव्या. एखाद्या दुर्मीळ जुळणीसाठी बोली चढते ती अशा पाकळीवर आणि अशा ठिपक्यावर.

आपल्या रुपयाच्या सालाखाली भिंगातून दोन ठिपके दिसतात. तिसरा असावा अशी जागा आहे, पण तिथे धातू आरशासारखा गुळगुळीत झाला आहे. इथे श्रेणीचं वाचन थांबतं आणि माझं सुरू होतं.

बाजारात हातोहात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं. आधी गाल, मग केस, मग मुकुट, आणि मागच्या बाजूला अक्षरांचे माथे. या रुपयाचं तसं नाही. राणीचा चेहरा बऱ्यापैकी शाबूत आहे, मुकुटावरचे मणी मोजता येतात. मागची बाजू मात्र पार घासली आहे. म्हणजे राणी बाहेर आणि साल अंगाकडे, असा तो वर्षानुवर्षं गळ्यात होता. चालताना, वाकताना, पाठीवर मोळी घेऊन चढ चढताना मागची बाजू कापडावर घासत राहिली. कडेकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दोन जागी कडेचे दाते चेपून सपाट झाले आहेत. तिथे शेजारचे रुपये आपटत होते. म्हणजे हा हारात टोकाला नव्हता, त्याला दोन्ही बाजूंना सोबत होती. चलनाची झीज आणि अंगावरची झीज ही दोन वेगळी हस्ताक्षरं आहेत, आणि दुसरं हस्ताक्षर इतकं सुवाच्य असतं हे हा रुपया हातात घेईपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

सातपुड्यात भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यात रुपयांचे हार का आले, याचं कारण चांदीतच आहे. ११.६६ ग्रॅम वजन आणि त्यात साडेएक्याण्णव टक्क्यांवर शुद्ध चांदी. रुपया म्हणजेच तोळा, ऐंशी रुपये टाकले की शेर भरायचा. हे प्रमाण १८३५ पासून एका शतकाहून अधिक काळ हललं नाही. सोनाराला कस लावायची गरज नाही, दगडावर टाकून आवाज ऐकला की झालं. ज्यांच्या जमिनी कागदांवरच्या अंगठ्यांनी सावकारांकडे गेल्या, त्या माणसांना कागदापेक्षा हा खणखणीत आवाज भरवशाचा वाटला यात नवल कसलं? शहाद्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनींसाठी चळवळ उभी राहिली, तिच्यामागे हीच हकिगत होती. गळ्यातला रुपया मिरवताही येतो आणि अडीनडीला एकेक करून सोडवताही येतो. काठी गावच्या होळीला अंगभर चांदी घालून रात्रभर नाचणारी बाई घरची शिल्लकच चारचौघांत घेऊन आलेली असते, आणि ती तशी दिसावी हाही त्या सणाचा थाट आहे.

याच हारांनी नाणी वाचवलीही. दुसऱ्या महायुद्धात सरकारला चांदी हवी होती. १९४० मध्ये नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, व्हिक्टोरियाचे रुपये १९४१ पासून चलनातून बाद केले, पाठोपाठ तिच्यानंतरच्या एडवर्ड आणि जॉर्ज या राजांचेही परत मागवले. जमा झालेली नाणी वितळली. कडी लावलेले रुपये डोंगरातच राहिले. आज बाजारात दिसणाऱ्या राणीछापांवर कडी काढल्याच्या इतक्या खुणा आढळतात, त्या उगाच नव्हेत.

स्लॅब करणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडा देत नाहीत. चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘माउंट रिमूव्ह्ड’ असा शेरा पडतो. शेरा खरा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती व्यापाराच्या घाईबद्दल. हार येतो, कड्या कापल्या जातात, डाख घासून काढतात, बरी नाणी एकीकडे, उरलेली भट्टीत. हार कोणत्या गावचा, किती रुपयांचा, कोणतं नाणं मधोमध होतं, हे कुणी टिपून ठेवत नाही. लिलावात वंशावळीला केवढा मान असतो! अमुक नामांकित संग्रहातलं नाणं, एवढ्या एका ओळीनं बोली चढते. मग अक्राणीतल्या एका घरानं तीन पिढ्या सांभाळलेला संग्रह हा संग्रह नव्हे काय? हार मोडायच्या आधी त्याचे दोन फोटो घेतले आणि गावाचं नाव लिहून ठेवलं, तर नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांनाही ते हवंच असेल.

कारण अख्खा हार एकसंध वाचता येतो. सालं ओळीनं लावली की घरात पैसा कधी आला त्याचा माग लागतो. राणीनंतर १९०३ ते १९१० चा उघड्या डोक्याचा एडवर्ड, मग १९११ पासून जॉर्ज. १९२२ नंतर मात्र कुणाच्याच हारात काही सापडणार नाही, थेट १९३८ पर्यंत. त्या काळात रुपये पाडलेच नाहीत, म्हणून ती पोकळी घरातल्या दारिद्र्याची खूण समजायची नाही. हार वाचणाऱ्याला हे पक्कं ठाऊक हवं.

आणि १९११ चा रुपया दिसला तर थांबायचं. जॉर्जच्या अंगरख्यावर कोरलेला बारीक हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला. ओरड झाली. पाडलेल्या ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते, बाकीचे वितळले आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. संग्राहक १९११ साठी म्हणूनच जादा मोजतात आणि भिंग थेट त्या हत्तीवर नेतात. हारातल्या जॉर्जवर तो उठाव कधीच घासून गेलेला असतो. तिथे सोंड वाचता येत नाही, सालच वाचावं लागतं, आणि तेही मागची बाजू अंगाकडे नसली तर.